भरल्या प्याल्यावरून

ओतिया सरांना एखाद्या विद्यार्थ्याचा सिनेमा आवडला नाही, तर ते तसं तोंडावर सांगत नसत. ते मायेने विचारत, "जेवलीस का?" तिबिलिसीच्या त्या नाट्य आणि चित्रपट विद्यापीठात ह्या प्रश्नाचा अर्थ पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक होता. घरी जा, पोटभर जेव, आणि पुढच्या वर्षी नवा सिनेमा घेऊन ये. गेल्या वर्षी एलिसोला त्यांनी हेच विचारलं होतं आणि ती बावळटासारखी "हो सर, जेवले" असं उत्तर देऊन मोकळी झाली होती.

विद्यापीठ दुसरी संधी देतं, तिसरी देत नाही. ह्या खेपेलाही सिनेमा पडला तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर रुस्तावीला आईच्या औषधाच्या दुकानात उभं राहून म्हाताऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या मोजून द्यायच्या. आईने तिच्यासाठी पांढरा कोट शिवूनसुद्धा ठेवला होता. एकदा घालून तर बघ, असं ती दर रविवारी फोनवर म्हणायची. एलिसोला त्या कोटाची स्वप्नं पडत होती.

म्हणून ह्या वेळी तिने पटकथा लिहिली आणि आधीच सरांना दाखवली. गोष्ट साधी होती. मुलगा कायमचा जर्मनीला निघालाय. घरी निरोपाचं जेवण. मामा पूर्वजांच्या नावाने प्याला उचलून बोलतोय, सगळं टेबल उभं आहे, आणि मुलगा मामाचं बोलणं अर्ध्यावर असताना वळतो आणि निघून जातो. सरांनी चष्मा कपाळावर चढवून शेवटचं पान दोनदा वाचलं.

"भरल्या प्याल्यावरून उठतो हा?"

"हो सर."

"आपल्याकडे असं कुणी करत नाही."

"म्हणूनच सर."

सरांनी पटकथा मिटून तिच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "तो उठून गेलेला मला दिसला तर तू पास. नाही गेला, तर तू मला नुसतं जेवण दाखवलंस. आणि हे बघ, टेबलावर नट बसवू नकोस. नट लोक प्याला धरतात तशी माझी आजी थर्मामीटर धरायची. उठून जायला एक नट ने, बाकी टेबल खरं पाहिजे."

खऱ्या टेबलाची एलिसोला ददात नव्हती. तिचा झाउरीमामा काखेती प्रांतातल्या आपल्या गावाचा तामादा होता, म्हणजे मेजाचा म्होरक्या. लग्न असो, बारसं असो, मयत असो, कुणाच्या नावाने प्यायचं हे तो ठरवणार, आधी तो बोलणार, मग बाकीचे पिणार. तो बोलत असताना गावात कुणी घास मोडत नसे, खुर्ची सरकवत नसे. लोक खोकला आला तर गिळून टाकत. एलिसोने फोन केला तेव्हा मामा एवढंच म्हणाला, "किती माणसं हवीत? वीस? चाळीस?" ती म्हणाली दहा. मामाला हा आकडा जरा अपमानाचा वाटला, पण शिकणारी पोर आहे म्हणून त्याने सोडून दिलं.

विद्यापीठाचा कॅमेरा एका दिवसासाठी मिळाला होता. दुसऱ्या सकाळी तो परत द्यायचा, कारण त्यानंतर नृत्य विभागाची परीक्षा चित्रित व्हायची होती आणि नृत्य विभागातल्या बायकांशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. कॅमेऱ्यामागे एलिसोचा वर्गमित्र सांद्रो होता. हा पोरगा इतका शांत, की तो वर्गात आहे की नाही हे हजेरीच्या वेळीच कळायचं. आणि उठून जायला होता वाझा, अभिनय विभागाचा हिरा. त्याला हव्या त्या डोळ्यातून पाणी काढता यायचं. गाडीत बसल्यापासून तो जर्मनीला जाणाऱ्या माणसाचं दुःख तोंडावर वागवत होता, आणि शेजारच्या बाईने शेवटी न राहवून त्याला उलटीसाठी पिशवी दिली.

पहिला घोळ सकाळीच झाला. एलिसोने वाईनऐवजी चेरीचं सरबत आणलं होतं. मामाने बाटली उन्हात धरली, हुंगली आणि टेबलावर ठेवली.

"हे काय आहे?"

"मामा, हा सिनेमा आहे. एकच गोष्ट पुन्हापुन्हा करावी लागते. खरी प्यायलात तर दुपारपर्यंत आडवे व्हाल."

"मी मेलेल्यांच्या नावाने सरबत उचलू?" मामाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते जास्त वाईट होतं. "माझा बाप वरून बघेल तेव्हा त्याला काय सांगू? तुझ्या नातीने मला खोकल्याचं औषध पाजलं म्हणून?"

इथे एलिसोने नकार द्यायला हवा होता. पण मामाच्या घरात, मामाच्या टेबलावर, मामाला नाही म्हणणारी मुलगी अजून त्या खानदानात जन्माला आली नव्हती. तळघरातून मडक्यातली वाईन वर आली.

पहिल्या शॉटला मामा उभा राहिला आणि पूर्वजांवर बोलला. असा बोलला की सांद्रोसुद्धा कॅमेऱ्यामागे नाक ओढू लागला. सगळं टेबल उभं होतं. एलिसोने वाझाला खूण केली. वाझाने प्याला खाली ठेवायला हात हलवला, आणि तो हात आपोआप वर गेला. मामाचं बोलणं संपलं, वाझाने सगळ्यांबरोबर प्याला तळापर्यंत रिकामा केला, तोंड पुसलं आणि मग त्याला आठवलं की आपल्याला जायचं होतं.

"काय झालं तुला?" एलिसोने त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"मला कळत नाही," वाझा म्हणाला. तो खरंच घाबरला होता. "मी राजे केलेत, खुनी केलेत, एकदा झाड केलंय. पण तो माणूस मेलेल्यांची नावं घेतोय, एलिसो. पाय निघत नाहीत. आजी दिसते मला."

दुसऱ्या वेळीही त्याला आजी दिसली. तिसऱ्या वेळी तो वळला, एक पाऊल टाकलं, आणि मामाने बोलता बोलता नुसतं त्याच्याकडे बघितलं. वाझा परत वळला आणि "माफ करा" म्हणाला. ते माईकवर स्वच्छ आलं.

त्यात आणखी एक अडचण, जी चार वर्षांत कुठल्याही मास्तरने शिकवली नव्हती. मामा एकदा बोललेलं परत बोलत नसे. एलिसो म्हणाली, मामा, मघाचंच म्हण, तर तो म्हणाला, मघाचं मघाशी झालं, ते लोक पिऊन बसले, आता नव्याने सांगावं लागेल. मग तो आजोबांच्या जागी पणजोबा घेई, पणजोबांच्या जागी गावात पहिला द्राक्षवेल लावणारा कुणी पूर्वज, आणि प्रत्येक वेळी प्याला तळापर्यंत. एकदा एलिसो भाषणाच्या मध्येच "कट" म्हणाली. सगळ्या टेबलाने तिच्याकडे असं बघितलं, जसं तिने देवळात चप्पल भिरकावली. मामाने पहिल्यापासून सुरुवात केली, ह्या वेळी दुप्पट लांब.

लामारा मामीने तर सिनेमाची वाटच लावली. दोन शॉट एकमेकांना जोडायचे तर टेबल जसंच्या तसं दिसायला हवं, हे एलिसोने तिला समजावून सांगितलं होतं. मामीने मान डोलावली. पण पाहुण्यांच्या ताटात जागा दिसली की मामीला चैन पडत नसे. पहिल्या शॉटमध्ये चीज आणि पाव होता, दुसऱ्यात अक्रोडाच्या रश्श्यातली कोंबडी आली, चौथ्यात टेबलाच्या मधोमध भाजलेलं डुक्कर तोंडात मुळा धरून बसलं होतं. एलिसो म्हणाली, मामी, हे मागच्या शॉटमध्ये नव्हतं. मामी म्हणाली, मागच्या वेळी शिजलं नव्हतं बाळा.

आणि मग मामाने, भर शॉटमध्ये, कॅमेऱ्यात बघून म्हटलं, "अलावेर्दी सांद्रोला." म्हणजे आता पुढचं सांद्रोने बोलायचं. म्होरक्याने बोलणं सोपवलं की नाही म्हणता येत नाही. सांद्रोने कॅमेरा सुरू ठेवला, त्याच्या पुढे आला, कुणीतरी हातात प्याला दिला, आणि चार वर्षांत ज्याचं एक पूर्ण वाक्य कुणी ऐकलं नव्हतं तो पोरगा आपल्या आईविषयी, तिच्या शिवणयंत्राविषयी आणि गुडघेदुखीविषयी इतकं सुंदर बोलला, की शेजारच्या गोचाने त्याला मिठी मारली आणि आपल्या लग्नाच्या पुतणीबद्दल सांगायला सुरुवात केली. शॉट गेला तो गेलाच.

दुपार कलली तेव्हा एलिसोच्या नाकी नऊ आले होते. सूर्य डोंगराकडे झुकला होता. एक बॅटरी संपली होती, दुसरी लावली होती. टेबलावरची माणसं लाल झाली होती, दोघं गात होती, आणि वाझा गोचाच्या खांद्यावर डोकं ठेवून खरंखुरं रडत होता, दोन्ही डोळ्यांनी. पांढरा कोट एलिसोच्या डोळ्यांसमोर नाचू लागला.

"ये, बस इथे," मामा म्हणाला. "सकाळपासून उभी आहेस. काही खाल्लं नाहीस."

तिने नको म्हटलं. मामाने तिला दंडाला धरून वाझाच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि हातात प्याला दिला. मग तो उभा राहिला. बाकीचेही उठले. सांद्रोने कॅमेरा बंद केला नव्हता, कारण बंद कर असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"हा प्याला ह्या पोरीचा," मामा म्हणाला. "माझी बहीण फोनवर विचारते, झाउरी, सिनेमा शिकते म्हणजे काय शिकते रे? आजपर्यंत मला सांगता येत नव्हतं. आज कळलं. सकाळपासून हिने आम्हाला उठवलं, बसवलं, इकडे बघ म्हणाली, तिकडे बघू नको म्हणाली. एकच गोष्ट पुन्हा, परत एकदा, अजून एकदा. मी माझ्या बापाचं ऐकलं नाही कधी. लामाराला विचारा, तिचंही ऐकत नाही. पण हिचं ऐकलं. का ऐकलं? कारण..."

खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत होतं. एलिसोला मामाचे शब्द ऐकू येत होते, पण तिला दिसत होतं ते फक्त ऊन. दिवस गेला, सिनेमा गेला, आणि हा माणूस अजून बोलतोय. ह्याच्याच बोलण्याने आपला सत्यानाश झाला आणि आता तो आपलंच कौतुक करतोय. तिच्या डोक्यात सणक गेली. तिने प्याला टेबलावर ठेवला, काच वाजली, खुर्ची मागे ढकलली, आणि मामा "कारण" म्हणून थांबला असतानाच ती दारातून बाहेर पडली. दार मागे आपटलं.

अंगण ओलांडून ती फाटकाशी गेली आणि तिथल्या दगडावर बसून पोटभर रडली. आधी रागाने रडली, मग कोटासाठी, आणि मग हळूहळू आपण काय करून आलो ते तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिचं रडणंच थांबलं. वाझाला, ज्याला ह्यासाठी शिकवलं होतं, जे दिवसभर जमलं नाही ते तिने एका झटक्यात केलं होतं. आणि तेही स्वतःच्या नावाच्या प्याल्यावरून, स्वतःच्या मामासमोर, सगळ्या शेजाऱ्यांदेखत. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोंबड्या एकेक करून खुराड्यात गेल्या तरी ती बसूनच होती. परत कुठल्या तोंडाने जायचं?

शेवटी लामारा मामी बाहेर आली. रागावलेली नव्हती. पदराला ओले हात पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसत होती.

"आत चल गं. त्याचा हात भरून आलाय."

"कुणाचा?"

"तुझ्या मामाचा. प्याला उचललाय ना त्याने."

"अजून?" एलिसो उठून उभी राहिली.

"मग ठेवणार कसा? बोलणं संपलंय कुठे," मामी म्हणाली. "आणि चल लवकर. गोचाला बाथरूमला जायचंय."

ती आत आली तेव्हा खोली अर्धी अंधारली होती. सगळे उभे होते. वाझा उभा होता, गोचा ह्या पायावरून त्या पायावर होत उभा होता. मामाने उजव्या हातात प्याला धरला होता, डाव्या हाताने उजव्याच्या कोपराला आधार दिला होता, आणि प्याल्यातली वाईन थरथरत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. कुठे गेली होतीस असं विचारलं नाही. ती आपल्या खुर्चीशी जाऊन उभी राहिली, तिने प्याला उचलला, आणि मामाने जिथे सोडलं होतं तिथून वाक्य पुरं केलं. ते ऐकल्यावर एलिसोला तिथे थांबवेना. ती वाईन पिऊन स्वयंपाकघरात पळाली आणि भांड्यांच्या आडोशाला परत रडली.

गावाहून परतताना गाडीत सांद्रोने तिला हळूच सांगितलं की ती उठून गेली ते सगळं आलंय. टेबलावरचे चेहरे, आपटलेलं दार, सगळं. मग मामा उभा आहे तेही आलंय, बराच वेळ. पण ती परत यायच्या आधीच बॅटरी संपली.

"म्हणजे मामाचं वाक्य नाही आलं?"

"नाही. पण तुला कशाला हवंय ते? दार आपटलं तिथे काप. सरांना उठून जाणं हवं होतं, ते मिळालं. असे चेहरे कुठल्या नटाच्या बापाला जमणार नाहीत. तू पास आहेस, बाई."

सांद्रोचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. एलिसोने संगणकासमोर बसून सिनेमा नव्याने बांधला. जर्मनीला जाणारा मुलगा त्यातून गळाला. वाझा आता नुसता एक देखणा, घामाघूम पाहुणा उरला. त्याच्या जागी आपल्याच माणसांना दिवसभर "परत, परत" म्हणून छळणारी एक पोरगी आली. आणि शेवटी दार आपटलं तिथे तिने कापलं. बघितलं. छान होतं. पण तिला ते परत बघवेना, कारण तिथे कापलं की ती कायमची बाहेर गेलेली, आणि मामा कायमचा तोंड उघडं टाकून उभा. तिने पुढचा तुकडा परत जोडला. मामाचा हात, गोचाची चुळबुळ, भिंतीवरून सरकणारं ऊन, डाव्या हाताचा आधार, हे सगळं तिने एक क्षणही न गाळता ठेवलं, आणि बॅटरी मेली तिथे पडदा काळा झाला. सांद्रो म्हणाला, तू वेडी आहेस. इतका वेळ नुसता उभा असलेला माणूस बघून सर तुला जेवायला पाठवतील. एलिसो म्हणाली, पाठवू देत.

परीक्षेला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत ओतिया सर आणि आणखी तिघं परीक्षक. डुकरावर लोक हसले, वाझाच्या "माफ करा"वर फारच हसले. पडद्यावर एलिसो उठून गेली तेव्हा कुणीतरी दचकून श्वास घेतला. आणि मग मामा उभा राहिला तो राहिलाच. थोड्या वेळाने हसू थांबलं. मागच्या रांगेत एकाचा फोन वाजला, त्याने तो घाईघाईने बंद केला. कुणी उठलं नाही. पडदा काळा झाला आणि दिवे लागले, तरी सभागृहात सगळे बसून होते. टाळी नाही, खुर्चीची कुरकुर नाही.

एलिसो पुढे जाऊन उभी राहिली.

"मी काय सांगितलं होतं?" सर म्हणाले. "उठून गेलेलं दाखव. दार आपटलं तिथे तुझा सिनेमा संपला होता."

"हो सर. कळत होतं मला."

"मग पुढचं कशाला ठेवलंस?"

"तो उभा होता ना सर. मी कापलं तरी तो उभाच राहिला असता."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेजारच्या परीक्षक बाई पुढे वाकून त्यांच्या कानात काहीतरी बोलल्या. सरांनी मान हलवली.

"त्याने प्याला खाली ठेवला?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. मी परत गेले. मग त्याने वाक्य पुरं केलं, आणि आम्ही प्यायलो."

"ते कुठेय?"

"बॅटरी संपली होती."

मागच्या रांगेतून कुणीतरी कण्हलं. सर चिडले होते, पण तिच्यावर नाही, बॅटरीवर. "मग आता आम्ही काय करायचं? एवढी माणसं इथे अर्ध्या प्याल्यावर बसवून ठेवलीस. बोल पुढे. 'का ऐकलं? कारण...' काय?"

एलिसोने अख्ख्या सभागृहाकडे पाहिलं. हे वाक्य तिच्याविषयी होतं आणि ते तिनेच बोलायचं, ह्याची तिला इतकी लाज वाटली की कान तापले. पण लोक थांबले होते. तिने हात किंचित वर धरला, प्याला असल्यासारखा.

"मामा म्हणाला, 'कारण चाळीस वर्षं मी ह्या टेबलावर बोलतोय. लोक उभे राहतात, ऐकतात, पितात आणि घरी जातात. ही पहिली आहे, जी म्हणाली, परत बोल, मला नीट ऐकू आलं नाही.'"

ओतिया सर सावकाश उठले. त्यांच्यामागे परीक्षक बाई उठल्या, मग दोन्ही बाजूंच्या रांगा, मग सगळेच, रिकाम्या हातांनी. मग सरांनी खाली वाकून समोरच्या कागदावर "उत्तीर्ण" असं लिहिलं, पेन खिशात ठेवलं आणि खाकरले.

"परत बोल," ते म्हणाले. "मागच्या लोकांना ऐकू आलं नसेल."